कुंपणावरचे शिंपले

"अगो बाय, आहेस का घरात? की गेलीस कॉलेज रोडला?"

काकूंची अशी हाक आली की समजावं, बातमी गरम आहे आणि ती निवू देणं काकूंच्या तत्त्वात बसत नाही. गंगापूर रोडकडच्या आमच्या कॉलनीत दोन बंगल्यांच्या मधे छातीइतकं कुंपण आहे. बिल्डरनं ते हद्दीसाठी बांधलं. काकूंनी कोपर टेकून टेकून त्याचं सिमेंट गुळगुळीत केलंय. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन नाशकात आल्या त्याला जमाना झाला, पण मासळी आणि मतं दोन्ही त्यांना अजून कोकणातलीच लागतात.

मी सोलायला घेतलेला लसूण ताटलीत घेऊनच बाहेर आले.

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातली नवी सूनबाई काय करते, कळलं का तुला?"

"आयटीत आहे ना? घरून काम करते."

"ते दिवसाचं. रात्रीचं विचार." काकूंनी आवाज एवढा खाली आणला की माझ्या पोटात गोळाच आला. "शिंपल्यांना भोकं पाडते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! एवढंसं ड्रिल आहे तिच्याकडे. शिंपल्याला भोक पाडायचं, चांदीची तार घालायची आणि कानातलं म्हणून विकायचं. ६५० रुपये! आमच्या वेंगुर्ल्यात पायाला टोचतात म्हणून लाथेनं बाजूला सारतो आम्ही. शिंपल्याचे कसले गो पैसे? आणि घेणाऱ्याही असतात मेल्या!"

मी हळूच केस कानावर ओढले. उशीर झाला होता.

"बघू."

"काही नाही हो काकू…"

"बघू म्हणते ना. अगो, तू पण? आणि हे काय, दोन कानांत दोन वेगळे? लोक म्हणतील, गॅसवर दूध ठेवून घाईत घातलंन!"

"ती सगळे असेच करते काकू. एकासारखा दुसरा नसतोच. माझ्यासारखे आख्ख्या नाशकात कोणाकडे नाहीत."

"नसणारच! दुसरं कोण घालेल?"

मग काकूंनी मूळ दुखणं काढलं. परवाच्या हळदीकुंकवाला सूनबाई येवल्याची पैठणी नेसून आली होती, मोरांच्या पदराची, आणि गळ्यात काय, तर काळ्या दोऱ्यात ओवलेला शंखाचा तुकडा. "सासूनं दिलेली पुतळ्यांची माळ कपाटात आणि हिच्या गळ्यात समुद्राचा कचरा. सासूचं तोंड बघायला हवं होतंस. तिळगूळ देताना गोड बोला म्हणाली खरी, पण दात आवळून." एवढं सांगून त्यांनी आपला सिद्धांत मांडला, "समुद्राकाठची बाई कधी शिंपल्या अंगावर घालत नाही. आमच्या बाजारातली मासेवाली बघ. डोक्यावर टोपली, हाताला मासळीचं पाणी, पण गळ्यात सोनं."

"बरोबर आहे," पडवीतल्या आरामखुर्चीतून काकांचा आवाज आला. "म्हणूनच शिंपल्या घाटावर घालतात."

काका शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून वर्ग गेला, तास राहिला.

"तुम्हांला कोणी विचारलं?" काकू.

"विचारलं नाही म्हणूनच सांगतो. जिथे जे मिळत नाही ते तिथे दागिना होतं. इनामगाव माहीत आहे? शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजवाल्यांनी तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथे समुद्री शंखशिंपल्यांचे मणी आणि बांगड्या निघाल्या. समुद्र कुठे, शिरूर कुठे! मधे आख्खा सह्याद्री. तरी कोणीतरी पाठीवर टाकून आणलंच ना? नेवाशालाही सातवाहनांच्या काळातल्या शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले."

"तीन हजार वर्षं म्हणजे तुमच्या पेन्शनच्या फायलीइतकं जुनं झालं," काकू म्हणाल्या. पण कोपर काही कुंपणावरून काढलं नाही.

काका आता खुर्चीतून उठून जाळीच्या दाराशी आले. "लांब कशाला जायचं? आपल्या पांडवलेण्यात जा. दहाव्या लेण्यात शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाचा जावई, उषवदात. त्यानं नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली, त्या नद्यांची यादीच आहे तिथे. तापी आहे, दमण आहे, आणि चक्क डहाणूची नदी आहे. नाशकातल्या डोंगरावर किनाऱ्यावरच्या होड्यांचा हिशोब कोरलाय. रस्ता रोजचा होता म्हणून ना?"

"जावयानं स्वतःच्या खिशातून काही केलं, म्हणून दगडात कोरून ठेवलं असेल," काकू म्हणाल्या. "एरवी कोणाचा विश्वास बसणार?"

"तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई, गौतमी बलश्री, लेकाचं वर्णन करते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं म्हणे."

"आईच ती. घोड्यांना खारं पाणी पाजलं त्याचंही कौतुक!"

मी लसणाची साल फुंकरीनं उडवली. काकांचं बोलणं मला पटत चाललं होतं. नाशिक तसं समुद्राशी फटकून वागणारं गाव नाही; फटकून वागते ती आमची गोदावरी. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरावरून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण बाईसाहेबांना जवळचं स्थळ पसंत नाही. १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला गाठतील. हे मी बोलून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, "माझ्या नणंदेसारखं. मुंबईचा इंजिनिअर नाकारलान आणि शेवटी राजमहेंद्रीला जाऊन पडली."

नणंदेची गोष्ट निघाली असती तर संध्याकाळ गेली असती. मी गाडी कवड्यांवर आणली. "काकू, नवरात्रात कालिकेच्या यात्रेत गोंधळी बघतो ना आपण? त्यांच्या गळ्यात काय असतं?"

"कवड्यांची माळ. भवानीची ती. तिला तू कानातल्याच्या पंगतीला बसवू नकोस."

"नाही बसवत. पण कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं कवचच ना? आणि तुळजापूरला कुठे समुद्र आहे?"

काकू क्षणभर गप्प झाल्या. एवढ्यात काकांनी पान उलटलं. "आपल्याकडे नाण्यासारखी चालायची ती कवडी मुख्यतः मालदीवची. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवला काझी होता, त्यानं कवड्यांच्या व्यापाराबद्दल लिहिलंय. त्याच्या आधीच्या अरबांनी तर कवड्या धरायची युक्तीही सांगितलीय. नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकून ठेवायच्या, कवड्या त्यांना येऊन चिकटतात. मग त्या वाळवायच्या आणि जहाजात भरायच्या. तिथून बंगाल, गुजरात, आणि कुठून कुठून फिरत आपल्या देवीच्या माळेत."

"आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात," मी म्हटलं.

"आणि लमाणणींच्या घागऱ्यावर, चोळीवर," काकूंनी स्वतःहूनच भर घातली. सिद्धांत एकदा पटला की काकू त्याच्या मालकीण होतात. "खरंच गो. समुद्र ज्यांनी डोळ्यांनी बघितला नाही, तेच कवड्या मिरवतात."

"लडाखमध्ये बायका मनगटात शंखाची जाड पांढरी बांगडी घालतात," काका म्हणाले. "लडाख! नागा लोकांच्या माळांमध्ये शंख असतात. बंगालच्या सुवासिनी हातात शांखा घालतात. बिष्णुपूरचे कारागीर तो घडवतात, पण त्याचा शंख पार दक्षिणेतून, तमिळनाडूच्या बाजूच्या समुद्रातून जातो. मोरोक्कोत बिझमून नावाच्या गुहेत शिंपल्यांचे मणी सापडले, २०२१ साली जाहीर झालं. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीचे. आजवर मिळालेल्या सगळ्यांत जुन्या दागिन्यांपैकी एक. सोनं तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं."

"म्हणजे सासूच्या पुतळ्यांच्या माळेपेक्षा सुनेचा शंख थोरला," काकू म्हणाल्या. हे वाक्य संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या बंगल्यात पोचणार, याची मला खात्री होती.

पण ६५० रुपयांवरून काकू हलेनात. थोरला असो, धाकटा असो, फुकट मिळालेल्या वस्तूचे पैसे कसे घ्यायचे? मला राहवेना. सूनबाईच्या गच्चीवरच्या खोलीत बसून मी तिचं काम बघितलं होतं. ते सगळं सांगायला घेतलं.

जोडून सुट्टी आली की ती नवऱ्याला घेऊन त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूच्या बाजूला उतरते. नवरा पोहतो, ही वाळूत वाकून चालते.

"पंचांग बघून जाते का?" काकूंनी मधेच अडवलं.

"पंचांग कशाला?"

"कशाला काय! तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनवेला, अवसेला उधाण; त्या दिवशी दुपारी बाराच्या आत भरती येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी लांबवर मागे जातं. तेव्हा जावं. लोक जातात भर दुपारी, सेल्फी काढतात आणि म्हणतात शिंपल्या नाहीत."

हे मी मनात टिपून ठेवलं. मोबाइलवर सगळं मिळतं, पण पाऊणपटीचं गणित काकूंकडेच मिळतं.

"आणि जिवंत शंख उचलत नाही ना ती?" काकूंनी दरडावून विचारलं. "शंख हातात घेतला की उलटा करून बघायचा. कधी आत शंखाचा मूळ मालक असतो, कधी भाडेकरू खेकडा असतो. तो बिचारा दुसऱ्याच्या रिकाम्या घरात राहतो. घर पिशवीत घातलंत तर तो जाणार कुठे?"

"नाही उचलत. ओहोटीनंतर वाळूवर जी रेघ राहते ना, त्या रेघेतली रिकामी कवचं तेवढी घेते. तीही मूठभर."

मग स्वच्छता. साध्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं. वास गेलाच नाही तर मातीत पुरून ठेवायचं; आत उरलेलं मुंग्या संपवतात. लिंबू, व्हिनेगर, कोकम जवळसुद्धा आणायचं नाही. शिंपलं म्हणजे चुन्याचाच प्रकार, कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की वरचा थर विरघळून कळाहीन होतं.

"हे मला सांगतेस? आमच्याकडे शिंपल्या भट्टीत भाजून चुना काढत. जुन्या घरांच्या भिंती त्यावर उभ्या आहेत, आणि विड्यालाही तोच चुना."

"म्हणजे काकू, तुम्ही शिंपल्या खाल्लेल्या चालतात, घातलेल्या चालत नाहीत!"

पडवीतून काका हसले. काकूंनी मागे वळून एकदाच बघितलं. वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

भोक पाडणं हे खरं नाजूक काम. सूनबाईकडे बॅटरीवरचं लहानसं ड्रिल आहे, त्याला हिऱ्याची कणी बसवलेलं बारीक टोक. बशीत पाणी घ्यायचं, तळाशी लाकडाची चकती, त्यावर शिंपलं पाण्यात बुडेल असं धरायचं आणि जोर न लावता टोक नुसतं टेकवून ठेवायचं. कोरडं भोक पाडलं तर शिंपलं तापून तडकतं, आणि पांढरी भुकटी उडते ती श्वासाबरोबर छातीत गेली तर वाईट. म्हणून पाणी, आणि वर नाकाला मास्क. एवढं करूनही शेवटच्या कणाला टोक आरपार जाताना कडेचा टवका उडतो आणि तासाभराची मेहनत कचऱ्यात. पातळ शिंपल्या तर हमखास दगा देतात.

"तिला म्हणावं, भोक पाडलेल्याच घे की," काकू म्हणाल्या.

"विकत?"

"नाही गो, किनाऱ्यावरच्या. बघितल्या नाहीस? शिंपलीच्या बिजागरीजवळ सुबक गोल भोक असतं, वरून रुंद, आत निमुळतं, सुताराने पाडल्यासारखं. वाळूत एक गुळगुळीत गोल शंख असतो, त्याच्यातली गोगलगाय शिंपलीला कवटाळते, कवच झिजवून भोक पाडते आणि आतलं मांस खाते. लहानपणी आम्ही त्या शिंपल्यांच्या माळा करायचो. सुई लागायची नाही, नुसता दोरा."

मी काकूंकडे बघतच राहिले. "म्हणजे तुम्ही शिंपल्या गळ्यात घालायचात?"

"लहानपणी म्हटलं ना! परकरातलं वय. त्याला दागिना म्हणतात होय?"

काकूंचा सिद्धांत इथे जरासा तडकला. पण टवका उडालेला आम्ही दोघींनीही बघितला नाही असं दाखवलं.

पुढचं काम तारेचं. सराफ बाजारातून चांदीची तार आणायची, ती शिंपल्याच्या आकारानं वळवायची. सूनबाई म्हणते, आकार शिंपल्याचा असतो, मी फक्त त्याला कानापर्यंत पोचवते. म्हणून ती शिंपलं घासून एकसारखं करत नाही, रंग देत नाही, वरून लाखेसारखं चकचकीत काही फासत नाही. वाढीच्या रेघा, कडेला लागलेली खोक, एका बाजूला उतरलेला जांभळा रंग, सगळं ठेवते. आतल्या बाजूची जी मोत्यासारखी चमक असते तो रंग नसतोच मुळी. अतिशय पातळ थर एकावर एक बसलेले असतात आणि त्यांतून उजेड फुटतो. आपण कान हलवला की तो बदलतो.

"मोत्यासारखी काय म्हणतेस, मोतीच तो," काकू म्हणाल्या. "कालवाच्या जातीचा जीव आपल्या शिंपल्याला आतून जे लिंपतो, तेच कणाभोवती लिंपलं की मोती."

"मग काकू, तुमच्या नथीतले मोती?"

"बसऱ्याचे आहेत ते! आजेसासूंचे."

"बसऱ्याचे म्हणजे इराणच्या आखातातल्या शिंपल्यांतले. म्हणजे सूनबाई बाहेरचं घर घालते आणि तुम्ही आतलं लिंपण."

"नथीला मधे आणू नकोस," काकू म्हणाल्या, पण बोट आपसूक नाकाकडे गेलं. मग त्यांनी आपलं शहाणपण सांगून विषय जिंकला, "एक मात्र तिला सांग, मोत्याला पाळतात ते नियम पाळ. अत्तर, पावडर, तेल सगळं आधी. दागिना शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर पहिला काढायचा. घाम पुसून मऊ कापडात ठेवायचा. गिऱ्हाईक आंघोळीला कानातलं घालून जाईल आणि मग म्हणेल चमक गेली."

तेवढ्यात काका पुन्हा जाळीशी. "ती मोठाले शंख वगैरे नाही ना विकत घेत? शंखशिंपल्यांच्या काही जाती २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आल्या. कायदा १९७२चा, पण समुद्री गोगलगाईंचा नंबर नंतर लागला. किनाऱ्यावरच्या दुकानांत जे चकचकीत मांडलेलं असतं ते पुष्कळदा तिथलं नसतंच. रामेश्वरम, कन्याकुमारीकडून पोत्यांनी येतं."

"यादी भिंतीवर लावलीय तिनं," मी म्हटलं. "गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो चपटा, अर्धपारदर्शक शिंपला बसवायचे, तोही त्या यादीत आहे म्हणे. तिला त्याचं पदक करायचं होतं, तो विचार सोडून दिला."

"आमच्या पेडण्याच्या मावशीकडे तशा खिडक्या होत्या," काकू म्हणाल्या. "दुपारचा उजेड ताकासारखा यायचा. आता त्या खिडकीतून कायदा डोकावतो म्हणायचा."

"आणि दक्षिणावर्ती शंखाचं तर विचारूच नका," काकांना आता कोणी थांबवू शकत नव्हतं. "उलट्या वळणाचा खरा भारतीय शंख लाखांत एखादा. बाजारात त्या नावानं जे मिळतात त्यांतले पुष्कळसे अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या निराळ्याच जातीचे. त्या जातीचं वळण जन्मतःच उलटं. तिथे ढिगानं मिळतात."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांच्या देवघरात असा एक शंख आहे हे आख्ख्या कॉलनीला माहीत आहे, किमतीसकट. "आमचा तसा नाही," त्या एवढंच म्हणाल्या, आणि काकांनीही, कधी नव्हे ते, पुढचं वाक्य गिळलं. संसार असाच टिकतो.

मी संधी साधून हिशोब मांडला. "काकू, चांदीची तार झाली, हूक झाले, टोकं झिजतात ती झाली, डहाणूचं पेट्रोल झालं. तडकलेल्या शिंपल्यांची मेहनत झाली. एका जोडाला एक आख्खी संध्याकाळ जाते. ६५० मध्ये तिला सुटतं काय?"

"मेहनतीचं मला सांगू नकोस. मी संक्रांतीला हलव्याचे दागिने करते ना! हार, बाजूबंद, मुकुट, बाळाच्या बोरनहाणाची बासरी. एकेक काटेरी दाणा दोऱ्यात गुंतवायचा. घेतला कधी कोणाकडून पैसा?"

"नाही घेतलात. आणि त्याचं झालं काय? तुमच्या हारातला फोटो त्या मुलींनी स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं 'माझी पहिली संक्रांत'. हार कोणी केला ते कुठे होतं?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. कढीपत्त्याचं एक पान तोडलं, चुरडलं, वास घेतला. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. पण काकू हिशोब करत होत्या. "तो मागच्या वर्षीचा मुकुट तीन दिवस घेऊन बसला होता मला," त्या अखेर म्हणाल्या. "आणि त्या मेलीनं डबासुद्धा रिकामा परत केलान."

त्याच क्षणी सूनबाई स्वतःच आली. हातात कापडी पिशवी, भाजी घेऊन निघाली असावी. आम्हां दोघींना बघून ती बिचकली. कुंपणावर आपला विषय निघाला की कॉलनीतल्या कोणालाही ते न सांगता कळतं.

"काकू, जरा विचारायचं होतं." ती आमच्याकडे न बघता काकूंच्या कढीपत्त्याच्या बुंध्याकडे बघत होती. "त्या शिंपल्या तुमच्याच ना?"

काकू तिसऱ्या केल्या की टरफलं कढीपत्त्याला घालतात. मुंबईकडून येणारी मासळी बाजारात कधी येते ते त्यांना बाजारवाल्याच्याही आधी कळतं. बुंध्याशी फिकट, तपकिरी नक्षीच्या शिंपल्यांचा थर साचलेला होता. आम्ही तो इतक्या वेळा बघितला होता की दिसेनासा झाला होता.

"माझ्याच. का? वास येतो?"

"नाही नाही. त्यांची नक्षी बघा ना." तिनं वाकून एक उचलली. बारीक वेड्यावाकड्या रेघांचे तंबू उभारल्यासारखे दिसत होते. "प्रत्येकीवर वेगळी असते. फक्त एकाच प्राण्याचे दोन अर्धे एकमेकांसारखे असतात, आरशातल्यासारखे. मला जुळती कानातली करता येत नाहीत, कारण किनाऱ्यावर लाटा त्यांची ताटातूट करतात. एक अर्धा मिळतो, दुसरा कुठे गेला देव जाणे. पण तुमच्या घरी दोन्ही अर्धे एकत्रच येतात."

मी कानातल्या दोन वेगळ्या शिंपल्यांना हात लावला. मला ती कला वाटत होती. तिची ती अडचण होती.

"पण मी एकशिपी करते," काकू म्हणाल्या. "तिसरी कच्चीच उघडायची, मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची. मांसाची शिंपी ताटात जाते, ती नंतर बाहेर. आता कोण कुठल्या नवऱ्याची, कसं कळणार?"

"बिजागरीचे दात बघायचे. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचेत बरोब्बर बसले तरच जोडी. परक्या शिंपल्याशी बसत नाहीत." तिनं बुंध्याशी बसून दोन-तीन जुळवून बघितल्या. एकही बसेना. "टाकताना जर प्रत्येक जोडी वेगळी ठेवली तर… म्हणजे तुम्हांला त्रास होत नसेल तर…"

"म्हणजे आता जेवताना मी पत्रिका जुळवत बसू? ह्यांच्या ताटातली शिंपी कुठली, माझ्या ताटातली कुठली?"

"काकांना फार आवडतात ना तिसऱ्या?" सूनबाईंनी मोठ्या चतुराईनं पडवीच्या दिशेनं बघितलं.

"आठवड्यातून दोनदाही चालतील," आतून आवाज आला.

काकूंनी कोपर कुंपणावरून काढलं, पदर खोचला आणि सूनबाईला नीट न्याहाळलं. मी हे न्याहाळणं ओळखते. भाजीवाल्याशी भाव करायच्या आधी काकू असंच बघतात.

"जोडीला १०० रुपये."

सूनबाई बावरली. मला राहवलं नाही. "काकू, शिंपल्याचे कसले पैसे?"

"शिंपल्याचे कोण मागतंय? शिंपली तिनं फुकट न्यावी. हे जोडी जमवायचे. मुलगा मुलीला मिळतो फुकटच गो, पण जुळवणाऱ्याला काही द्यावं लागतं की नाही? आणि ऐक," त्या सूनबाईकडे वळल्या, "डब्यावर माझं नाव घालायचं. 'तिसऱ्या, वेंगुर्लेकरीण काकूंच्या स्वयंपाकघरातून'. पैसे रोख. तुझ्या सासूकडे माझे भिशीचे दोन हप्ते अडकलेत, त्यामुळे तुमच्या घरात उधारी मी आता वाढवत नाही."